घर क्रमांकावरची चार नावं

माझ्या दोघांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीने मला विचारलं, "आजी, तू व्होट करतेस का?" तिला यंदा अठरा पूर्ण झाली, तिथल्या मतदार यादीत नाव आलं, आणि त्याचं कार्ड ती मला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवत होती. मी "ऑफ कोर्स" म्हणाले. मग कूलरवाला आला आहे, त्याच्याशी बोलायचं आहे, असं सांगून फोन ठेवला. कूलरवाला आला नव्हता. आणि ते "ऑफ कोर्स"ही खरं नव्हतं.

त्याच्या दोन महिने आधी मी इथल्या निवडणूक कार्यालयात एक अर्ज देऊन आले होते. तुमच्या बाबाचं नाव नागपूरच्या मतदार यादीतून काढून टाका, असा. आदल्या आठवड्यात बाबाला ते कळलं, त्याने विचारलं, "आई, कोणाला त्रास होत होता का त्याचा? असू द्यायचं होतंस." मी म्हणाले, आवाज तुटतो आहे. म्हणजे आठ दिवसांत तुम्हा तिघांशी मी दोनदा खोटं बोलले. या वयात हे बरं नव्हे. म्हणून लिहायला बसले.

मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वेळ लागेल, बाबाची मदत घ्यावी लागेल. त्यानेही हे वाचावं असं मला वाटतं. इंग्रजीत मला फार नीटनेटकं लिहिता येतं, आणि त्या नीटनेटकेपणात मी स्वतःला सांभाळून घेते, हे मला आता कळलं आहे.

आधी थोरलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर. मी आयुष्यात तीन वेळा मतदान केलं आहे. पहिलं लग्नानंतरच्या वर्षी. तेव्हा मताचं वय एकवीस होतं आणि घरातल्या सगळ्या बायकांना माझे सासरे रांगेने घेऊन गेले होते. दुसरं, त्यानंतर काही वर्षांनी, तुमच्या आजोबांबरोबर, एका लग्नाला जाता जाता. तिसऱ्याबद्दलच हे सगळं आहे.

मधली सगळी वर्षं मी गेले नाही. आजोबा जायचे. निघताना दारातून विचारायचे, "येतेस?" आणि मी म्हणायचे, "तुम्ही जाताच आहात, तर माझंही टाकून या." हा आमचा दरवेळचा विनोद होता. ते हसायचे. शेवटी शेवटी हसत नव्हते, पण विचारायचे.

न जाण्याची कारणं माझ्याकडे भरपूर होती. लोकसभेचं मतदान एप्रिलमध्ये येतं आणि नागपूरच्या उन्हात शाळेच्या पत्र्याखाली कोण उभं राहणार. उभे असलेले सगळे सारखेच, मग निवडायचं काय. एका मतानं काय होतं. शिवाय ती शाई महिनाभर नखावरून जात नाही. आमच्या कॉलेजात त्या दिवशी सुट्टी असे, आणि आम्ही चार मैत्रिणी कोणाच्या तरी घरी जमून पत्ते खेळायचो. दुपारभर देश कसा बिघडला यावर बोलायचो. चौघींची बोटं स्वच्छ असायची.

आता उंच आजीबद्दल. तुम्हाला ती आठवतेच. थोरली चार वर्षांची असताना इथे आली तेव्हा तिने जाहीर केलं होतं की तिला नागपुरात दोन आज्या आहेत, एक चष्म्याची आणि एक उंच. चष्म्याची मी. उंच आजी आपल्या आवारातल्या आउटहाउसमध्ये पस्तीस वर्षं राहते आहे. तिचा नवरा आपल्या घरी बाग आणि फाटक बघायचा. तो गेला, मुलगी लग्न होऊन सावनेरकडच्या खेड्यात गेली, ती राहिली. पोळ्या करते, अंगण बघते, आणि आजोबा गेल्यानंतर सकाळचा पहिला चहा माझ्यासोबत घेते. मी तिला "तू" म्हणते, ती मला "मॅडम" आणि "तुमी". ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, पण कारण ते नाही. इथेही मी तिला "ती" असंच लिहिते आहे. एकदम "त्या" लिहिलं तर तुम्हाला वाटेल, मी नेहमीच तसं म्हणत होते.

मतदानाच्या दिवशी मात्र सकाळचा चहा मला माझा करून घ्यावा लागायचा. ती पहाटे आंघोळ करून, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, सातच्या आत शाळेच्या फाटकापाशी उभी असायची. मत टाकल्याशिवाय ती तोंडात पाणीसुद्धा घ्यायची नाही.

"उपास आहे का गं?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

"उपास नोहे मॅडम. उपास-गिपास आमच्या मायनं दीक्षा घेतली तवाच सोडले. मी कडेवर होती तिच्या."

"मग हे काय?"

"हे मायनं लावलं. आंधी मत, मंग चहा. तिची माय असती त तिलेबी लावलं असतं, पण तिच्या मायले कोठं होतं मत?"

परत आली की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोट वर करून दाखवायची. मग गॅस पेटवायची. मी दरवेळी विचारायचे, "कोणाला दिलंस?" आणि ती दरवेळी म्हणायची, "सांगत नसतात. एवढं शिकल्या, अन् एवढं मालूम नाही तुमाले?"

एकदा मी जरा चिडवूनच म्हणाले, "तुझ्या मतानं काही फरक पडला का आजवर? आपल्या गल्लीची नाली तशीच आहे."

"फरकासाठी कोण जाते?" ती कणीक मळता मळता म्हणाली. "त्या दिवशी ते कोपऱ्यावरचे बंगलेवाले डॉक्टर माह्या मांगं उभे होते. घामानं चिंब. म्हणे, मावशी, जरा लवकर करा. मी म्हटलं, माहं झालं का तुमचंच हाय, थांबा."

मी हसले होते. पत्त्यांच्या डावात मैत्रिणींना तो किस्सा सांगितलाही होता, तिचा आवाज काढून.

आता मी काय केलं ते.

मी एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्या कामाची एक पद्धत असते. दर उन्हाळ्यात आम्ही सगळी पुस्तकं नोंदवहीशी ताडून पाहायचो. नोंद आहे आणि पुस्तक फळीवर नाही, असं दिसलं की तीन शक्यता. कोणाकडे वाचायला गेलं असेल, बांधणीला गेलं असेल, किंवा हरवलं असेल. हरवलेल्या पुस्तकावर लाल शाईने, पट्टी धरून एक रेघ मारायची, आणि शेरा लिहून सही करायची. माझ्या नोंदवहीत फळीवर नसलेलं एकही पुस्तक नोंदीत शिल्लक नसे. मला त्याचा अभिमान होता. निवृत्त झाल्यावर घरातल्या पत्त्यांच्या वहीतही मी तसंच करत आले. माणूस गेलं की पट्टी धरून रेघ.

मागच्या वर्षी पावसाळ्यात मतदार यादी तपासणारी बाई आपल्या दारात आली. अंगणवाडीत काम करणारी, पस्तिशीची, हातात भिजलेल्या कागदांचं प्लास्टिक. निवडणुकीआधी घरोघर जाऊन कोण आहे, कोण नाही, ते पाहण्याचं काम तिला दिलेलं होतं. गल्लीत कोणी दार उघडत नव्हतं, उघडलं तर उभ्या उभ्या वाटेला लावत होतं. मी तिला आत बसवलं, पंखा लावला, टेबल मोकळं करून दिलं, पट्टी आणि चांगलं पेन दिलं. यादी तपासायची म्हटल्यावर मला अंगात जुनं बळ आल्यासारखं झालं.

"काकू, तुमच्या घर क्रमांकावर चार नावं आहेत," ती म्हणाली.

पहिलं आजोबांचं. मी मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स फाइलमधून लगेच काढून दिली. तिने हात जोडले. "सगळे असे असते ना काकू, तर माझं काम दोन दिवसात झालं असतं."

दुसरं माझं. ठीक.

तिसरं तुमच्या बाबाचं.

"हे दादा इथेच राहतात?"

"नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो," मी म्हणाले. "येऊन-जाऊन असतो."

बाबा परदेशी गेला त्याला अठरा वर्षं झाली. तो तिथला नागरिक झाला त्यालाही सात-आठ वर्षं झाली, आणि त्या समारंभाचा फोटो माझ्याच बैठकीत लावलेला आहे. ती बाई त्याच्याच खाली बसली होती. मला कायदा माहीत होता. पण आजोबांच्या नावावर तिने नुकतीच रेघ मारली होती, आणि त्याच पानावर लगेच दुसरी रेघ मला बघवणार नव्हती. मी मनात म्हटलं, हे पुस्तक बाहेर दिलेलं आहे. हरवलेलं नाही.

"मग राहू देते," ती म्हणाली. "आणि ही चौथी?"

उंच आजी त्या वेळी घरी नव्हती. जावई मोटरसायकलवरून पडून त्याचा पाय मोडला होता, मुलीच्या पदरी दोन लहान मुलं. जूनमध्ये ती निघाली तेव्हा माझ्या हातात किल्ली देऊन म्हणाली होती, "दिवाळीच्या आंधी येतो मॅडम. मोगऱ्याले पाणी टाकजा माह्या." मी रोज पाणी घालत होते. त्या दिवशी सकाळीही घातलं होतं.

"ती सध्या इथे नाही," मी म्हणाले.

"सध्या नाही, का कायमची गेली? कायमची गेली असेल तर नाव कमी करावं लागतं."

खिडकीतून आउटहाउसचं कुलूप दिसत होतं. आणि मला सकाळी माझ्यासोबत फिरायला येणाऱ्या एका शेजारणीचं बोलणं आठवलं. आपल्या पत्त्यावर कामाच्या बायकांची नावं यादीत ठेवू नये, ती म्हणाली होती, उद्या मुलं परदेशात, आपण नसलो की तेच कागद दाखवून जागा बळकावतात. ते ऐकताना मी मान हलवली होती, जास्त काही नाही. पण डोक्यात ते राहिलं होतं.

"तसंच समजा," मी म्हणाले.

"म्हणजे कायमची लिहू?"

"लिहा."

तिने नाव वगळण्याचा अर्ज पुढे केला. मी घरमालक म्हणून सही केली, तारीख घातली, आणि शेऱ्याच्या जागी माझ्या सुंदर इंग्रजी अक्षरात लिहिलं की ही व्यक्ती या पत्त्यावरून कायमची गेली आहे. मग तिला चहा करून दिला. जाताना ती माझ्या पाया पडली. मला त्या संध्याकाळी फार बरं वाटत होतं. एक काम पूर्ण झाल्यासारखं.

इथवर कोणी म्हणेल, चूक झाली. पुढचं ऐका.

महिन्याभराने उंच आजीच्या नावाने एक सरकारी नोटीस आली. तुमचं नाव वगळण्याचा अर्ज आला आहे, हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवा. पोस्टमनने ती मला दिली. मी वाचली. मी तिला फोन करू शकले असते, तिचा नंबर माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे. मी त्या नोटिशीला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडली आणि तिच्या नावाच्या फाइलमध्ये लावली. तिचं आधार, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक यांच्या झेरॉक्स मी त्या फाइलमध्ये ठेवते, तिचे कागद हरवू नयेत म्हणून. नोटीस तारखेच्या क्रमाने, सगळ्यात वर.

ती दिवाळीच्या चार दिवस आधी आली. ठेचा घेऊन आली, माझ्यासाठी वेगळा, कमी तिखट. हरकतीची मुदत केव्हाच संपलेली होती. मी तिला काही बोलले नाही. ऐन सणात कशाला, असं मनात म्हटलं. मग सणानंतर म्हटलं, कदाचित यादीत नाव राहिलंही असेल, सरकारी कामं कुठे वेळेवर होतात. मी सरकारी ढिलाईवर विसंबून होते. एरवी त्याच ढिलाईला आयुष्यभर नावं ठेवली.

विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी ती नेहमीसारखी निघाली. मी खिडकीतून पांढरी साडी फाटकाबाहेर जाताना पाहिली आणि वर्तमानपत्र उघडलं. साडेसात वाजले, आठ वाजले. एरवी ती आठपर्यंत परत यायची. पावणेदहाला आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पण बोट वर केलं नाही.

"माहं नाव नाही म्हणते मॅडम."

"असं कसं?" मी म्हणाले. माझा आवाज मला अगदी बरोबर जमला.

"तीन खोल्या फिरली. बाहेरच्या टेबलवाल्या पोट्ट्यायनं मोबाइलमधी पाह्यलं, लिस्टीत पाह्यलं. म्हणे, आजी, तुमी इथं राहतच नाही. मी म्हटलं, काहून नाही राहत? तुमच्या बापाच्या वयापासून राहून राहिली! सगळे हासले." तिने पदराने कपाळ पुसलं. "तुमच्या मुलाचं नाव हाय. त्याच्याच खाली माहं राहत होतं दरसाल. तेवढं वाचता येते मले."

मी वर्तमानपत्राची घडी केली.

"तुमी चला न माह्या संग. तुमी इंग्लिशमधी बोलसान त ऐकतीन."

मी नाही म्हणू शकले नाही. नाही म्हणायला कारण लागलं असतं. आम्ही दोघी गल्लीतून शाळेपर्यंत चालत गेलो. ती पुढे, मी मागे. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता आणि तरी तिची चाल माझ्यापेक्षा जलद होती.

खोलीत एक मध्यमवयीन अधिकारी बसले होते. शिक्षक असावेत, बोलण्यावरून. मी इंग्रजीत सुरुवात केली. ते मराठीतच बोलले, अगदी सौजन्याने. त्यांनी यादी माझ्याकडे वळवली. पानभर नावं, आणि तिच्या नावावर छापलेलाच तिरपा शिक्का, वगळल्याचा.

"हे आपोआप होत नाही मॅडम," ते म्हणाले. "कोणीतरी लिहून दिलेलं असतं की बाई इथे राहत नाही. शेजाऱ्यानं किंवा घरमालकानं. सही असते त्यावर."

"माह्या घरमालक त ह्याच आहे," उंच आजी म्हणाली.

तिने ते सहज म्हटलं, माझी ओळख करून द्यावी तसं. मग ती माझ्याकडे वळली. मला आजवर अनेकांनी रागाने पाहिलं आहे, विद्यार्थ्यांनी, चुलत जावांनी. हे तसं नव्हतं. ती फक्त पाहत होती. मी यादीकडे पाहत राहिले. त्याच पानावर, त्या शिक्क्याच्या वर, तुमच्या बाबाचं नाव स्वच्छ होतं.

अधिकाऱ्यांना काय कळलं, काय नाही, मला माहीत नाही. ते चष्मा पुसत म्हणाले, "तुमचं नाव आहे मॅडम. तुम्ही मतदान करून घेता का?"

"मी कार्ड आणलं नाही," मी म्हणाले. सुटले, असं वाटलं.

उंच आजीने कमरेची पिशवी सोडली आणि माझं कार्ड टेबलावर ठेवलं. निघताना तिने ते माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातून घेतलं होतं. कोण सोबत आलं आहे त्याचा कागद मागतील, या विचाराने. माझं सगळं कुठे असतं ते तिला ठाऊक आहे.

"टाका मॅडम," ती म्हणाली. "आल्या त टाका."

ते माझं तिसरं मत. बोटाला शाई लावणाऱ्या मुलीने माझा हात धरला तेव्हा मी तो नकळत मागे ओढला, आणि ती म्हणाली, "आजी, घाबरू नका, सोपं आहे." मी बटण दाबलं. कोणाला दिलं ते सांगत नाही, सांगत नसतात. खरं तर मी यंत्रावरची नावं नीट वाचलीही नाहीत.

परत येताना मी डावा हात पदराखाली घेतला होता. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, "मशीनचा आवाज कसा येते आता? पयल्यासारखाच लांब येते का, पीं करून?"

"हो," मी म्हणाले. "तसाच."

घरी येऊन तिने माझ्यासाठी चहा केला. स्वतःसाठी केला नाही. मी म्हटलं, अगं, घे. ती म्हणाली, "आंधी मत, मंग चहा." आणि आउटहाउसमध्ये गेली. मी दिवसभर तिच्या दाराकडे बघत होते. संध्याकाळी सहा वाजता मतदान बंद झालं. सव्वासहाला तिच्या खिडकीतून गॅस पेटवल्याचा आवाज आला.

मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगितलं म्हणजे तिची फाइल तिच्यासमोर ठेवली आणि वरची नोटीस दाखवली. तिने बोट ठेवून, ओठ हलवत, सगळी वाचली. बराच वेळ लागला. मग ती भोकं बोटाने चाचपून पाहिली.

"मले वाटलंच होतं काल," ती म्हणाली.

"मला वाटलं, तू आता मुलीकडेच राहशील..."

"खोटं नका बोलू. मोगऱ्याले पाणी टाकत होत्या न तुमी?"

मी फाइलचे कागद सरळ करू लागले.

"लायब्ररीतबी असंच करत होत्या का? वाचणारा गावाले गेला, का त्याचं पुस्तक फाडून टाका?" मग हळू आवाजात, "मुलाचं काहून नाही काढलं?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते तिलाही माहीत होतं. ती उठता उठता स्वतःच म्हणाली, "त्याचं काढलं असतं त घर खाली-खाली दिसलं असतं. समजते मले. पण घरात कोण होतं वं मॅडम? मी होती न."

पस्तीस वर्षांत तिने मला पहिल्यांदा "वं" म्हटलं. ते आपल्या बरोबरीच्या बाईला म्हणतात.

नंतर तिने काम सोडलं नाही, भांडलीही नाही. पण सकाळचा चहा ती आपल्या खोलीत घेऊ लागली. किराण्याच्या पिशवीवरची तारीख, गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं, ती मला वाचायला सांगायची, ते बंद झालं. चष्म्याच्या दुकानात जाऊन स्वतःसाठी चष्मा करून आणला. आता आपल्या आवारात चष्म्याच्या आज्या दोन आहेत.

नाव पुन्हा घालण्याचा अर्ज तिने स्वतःच अंगणवाडीतून आणला. पण पत्त्याचा पुरावा हवा होता, आणि विजेचं बिल माझ्या नावावर. ती इथेच राहते असं मी लिहून देणं भाग होतं. म्हणजे ज्या कागदाला मी घाबरत होते, तोच. मी लेटरहेडवर इंग्रजीत लिहून दिला. तिने परत केला. "मराठीत लिहा. मले वाचाचं हाय का तुमी काय लिवलं ते."

मी लिहिलं: ही बाई गेली पस्तीस वर्षं या घर क्रमांकावर राहते. मागच्या वेळी ती येथे राहत नाही असे मी लिहून दिले होते, ते खोटे होते. तिने वाचलं, घडी केली, पदरात बांधलं.

तीच अंगणवाडीची बाई पुन्हा तपासायला आली. या वेळी ती आत बसली नाही. दारातूनच म्हणाली, "काकू, तुम्ही सांगितलं म्हणून मी कोणाला विचारलंही नाही. तुमच्यासारख्या सांगतात, तर विचारायचं कसं?" मी तिचीही माफी मागितली. तिने कागदावर सही घेतली आणि पुढच्या घरी गेली. चहाला नाही म्हणाली.

बाबाच्या नावाचा अर्ज मी त्यानंतर दिला. मला वाटलं होतं, तो लिहिताना मी रडेन. तसं काही झालं नाही. पट्टी मात्र घेतली नाही.

थोरले, तू विचारलंस की मी मतदान करते का. नाही करत होते, आणि कारण उन्हाचं किंवा शाईचं नव्हतं. माझं नाव सगळीकडे आहे, बँकेत, गॅसवाल्याकडे, कॉलेजच्या भिंतीवरच्या पाटीवर. मी कुठेही गेले तरी लोक खुर्ची देतात. एका यादीत मी गेले काय, न गेले काय, मला कधी फरक पडला नाही. तिचं नाव एकाच यादीत माझ्या नावाच्या बरोबरीने छापलेलं होतं. ती यादी माझ्या टेबलावर आली, आणि तिच्या नावावर रेघ मी मारवून घेतली.

पुढचं मतदान अजून झालेलं नाही. आम्ही बरोबर जाऊ की नाही, मी तिला विचारलेलं नाही. चहा ती अजून आपल्या खोलीतच घेते.

नवी यादी काल आली. आपल्या घर क्रमांकावर आता दोन नावं आहेत, एक माझं आणि एक तिचं.